आधी केमो की थेट रेडिएशन? परळच्या एका चाचणीनं एमआरआयपुढे ठेवलेला प्रश्न

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गाठ केमोथेरपीला दाद देईल की नाही, हे उपचारापूर्वीच्या एमआरआयवरून सांगता येतं, असं म्हणणारे शोधनिबंध गेल्या दशकात भराभर आले. त्यांतले आकडे भुरळ घालणारे आहेत. पण असं भाकीत हाती आलं तर एखाद्या बाईच्या उपचारात नेमकं काय बदलेल, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते समजून घ्यायला एखादं खरं प्रकरण लागतं. त्यात आधी केमो दिलेली असावी, शेजारी तुलनेसाठी दुसरा उपचार असावा आणि दोन्हीकडच्या बायकांचं पुढे काय झालं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेली असावी. असं प्रकरण मुंबईतच घडलं आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये सप्टेंबर २००३ ते फेब्रुवारी २०१५ या काळात ६३५ बायकांवर झालेली ही चाचणी. तिचे निकाल २०१८ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आले. पहिले लेखक होते डॉ. सुदीप गुप्ता.

ही चाचणी एमआरआयची नव्हती. पण एमआरआयला कोणता प्रश्न विचारायला हवा, हे मला तिच्या निकालांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं एमआरआयवरच्या शोधनिबंधांतून दिसत नाही.

चाचणी कशासाठी झाली

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं डॉक्टरांना एक सूचना पाठवली. पाच चाचण्यांचा निष्कर्ष एकच होता: गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर जास्त बायका जगतात. तेव्हापासून रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हा प्रस्थापित उपचार ठरला. आपल्याकडे रुग्ण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, त्याच्याबरोबरीनं दिली जाणारी ही केमो.

त्याच सुमारास जगात अनेक ठिकाणी दुसरी वाट रुळत होती. आधी केमोनं गाठ लहान करायची आणि मग मोठी शस्त्रक्रिया करून गर्भाशय, आजूबाजूच्या ऊती आणि लसिकाग्रंथी काढायच्या. या वाटेचं आकर्षण समजण्यासारखं आहे. केमो डे-केअरमध्ये देता येते, तर रेडिएशनच्या यंत्रापुढे रांग असते. रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, पाच आठवडे रोज हजेरी. गावाकडून आलेल्या बाईला तेवढे दिवस मुंबईत राहायचं तर नातेवाईक शोधा, नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहा. शिवाय ओटीपोटावर रेडिएशन घेतल्यावर अंडाशयांचं काम थांबतं आणि योनी आक्रसते. चाळिशीतल्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही.

दोन वाटांपैकी चांगली कोणती, हे ठरवण्यासाठी टाटामध्ये बायकांची चिठ्ठी टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीनं, दोन गटांत विभागणी केली. सगळ्यांना स्क्वेमस प्रकारचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींचा, कॅन्सर होता आणि स्टेज १बी२, २ए किंवा २बी. म्हणजे गाठ मुखापुरतीच पण चार सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा योनीच्या वरच्या भागात उतरलेली, किंवा बाजूच्या ऊतींत शिरलेली पण ओटीपोटाच्या भिंतीला न भिडलेली. एका गटाला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनच्या तीन केमो, प्रत्येकीत तीन आठवड्यांचं अंतर, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटाला रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. दोन रुग्ण वगळल्यावर हिशेब ६३३ जणींचा झाला: केमो-शस्त्रक्रियेच्या गटात ३१६, रेडिएशनच्या गटात ३१७.

निकाल

पाच वर्षांनी कॅन्सरमुक्त असलेल्या बायका केमो-शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के होत्या, रेडिएशनच्या गटात ७६.७ टक्के. फरक ७.४ टक्क्यांचा, रेडिएशनच्या बाजूनं. हयात असलेल्यांचं प्रमाण मात्र जवळजवळ सारखं: ७५.४ आणि ७४.७ टक्के. आजार परतण्यात फरक आणि जगण्यात नाही, असं का? एक पटणारं कारण असं की ज्यांना आधी रेडिएशन मिळालेलंच नव्हतं, त्यांचा आजार ओटीपोटात परतला तर रेडिएशनचा पर्याय अजून शिल्लक होता.

निकालाच्या बातम्यांत इथवरच थांबलं गेलं. पण त्याच निबंधात दोन वर्षांनंतर टिकून राहिलेल्या त्रासांचे आकडेही आहेत. गुदाशयाचा त्रास केमो-शस्त्रक्रियेनंतर २.२ टक्के आणि रेडिएशननंतर ३.५ टक्के, मूत्राशयाचा १.६ आणि ३.५ टक्के, योनीचा १२.० आणि २५.६ टक्के. शेवटची जोडी पुन्हा वाचावी. रेडिएशन घेतलेल्या चौघींपैकी एकीला दोन वर्षांनंतरही योनी आक्रसणं, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना असा त्रास राहिला होता. आपल्या घरांत बाई हे नवऱ्यापाशीही धडपणे बोलत नाही, तपासणीला आल्यावर डॉक्टरांपाशी तर नाहीच. आकड्यांत तो दिसतो, याचं श्रेय चाचणी चालवणाऱ्यांनी तो नोंदवला याला.

म्हणून निकालाचं माझं वाचन असं: सरसकट सगळ्यांना आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया करणं योग्य नाही, हे या चाचणीनं दाखवलं. ही वाट कुणासाठीच बरी नाही, असं तिनं दाखवलेलं नाही. या गटात अशा बायका नक्कीच होत्या ज्यांना रेडिएशन लागलं नाही आणि आजारही परतला नाही. त्या कोण, हे पहिल्याच आठवड्यात ओळखता आलं असतं का? एमआरआयचं काम इथे सुरू होतं.

एका गटात तीन वाटा

केमो-शस्त्रक्रियेच्या वाटेवर निघालेल्या बाईचं पुढे तीनपैकी एक होतं. पहिलीची गाठ आटते, शस्त्रक्रिया होते, काढलेल्या ऊतींचा अहवाल स्वच्छ येतो, रेडिएशन लागत नाही. दुसरीची गाठही आटते, शस्त्रक्रियाही होते, पण पॅथॉलॉजीच्या अहवालात लसिकाग्रंथीत कॅन्सर दिसतो किंवा कापलेल्या कडेपाशी पेशी सापडतात. मग तिला वर रेडिएशनही घ्यावं लागतं. केमो, मोठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, तिन्हींचे त्रास एकाच शरीरावर. तिसरीची गाठ पुरेशी आटत नाही, शस्त्रक्रिया शक्य होत नाही, आणि साधारण नऊ आठवडे खर्चून ती रेडिएशनच्या रांगेत येते. सुरुवातीला जिथे उभी राहिली असती तिथेच.

एमआरआयवरून भाकीत करणारे बहुतेक अभ्यास या तिघींना दोनच खणांत टाकतात: दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या. निकष सहसा असा, की गाठीचा सर्वांत मोठा व्यास निदान ३० टक्क्यांनी कमी झाला म्हणजे दाद मिळाली. हा निकष जगभर वापरात आहे आणि नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी सोयीचाही आहे. पण त्यात पहिली आणि दुसरी एकाच खणात जातात. सहा सेंटिमीटरची गाठ चार सेंटिमीटरची झाली तरी ती दाद देणारीच ठरते, आणि तिच्या लसिकाग्रंथींत काय चाललं आहे याचा त्या मापाशी काही संबंध नसतो. रुग्णाच्या दृष्टीनं या दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाकीत पहिलीला दुसरीपासून वेगळं काढणारं नसेल, तर उपचाराच्या निवडीत त्याचा फार उपयोग नाही.

एमआरआयला काय दिसतं

तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची. खोलीत जाण्यापूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळा धातू बाहेर ठेवावा लागतो. काही बायका मंगळसूत्र काढायला कचरतात. का काढायचं हे तंत्रज्ञानं शांतपणे समजावलं तर तपासणीही शांतपणे होते. आतड्यांची हालचाल थांबवण्यासाठी बहुधा बस्कोपॅनचं इंजेक्शन देतात, नाहीतर चित्र हलतं. आणि हललेल्या चित्रावरून पुढची कोणतीही मोजदाद करण्यात अर्थ नसतो.

पहिलं चित्र ‘टी-टू’ प्रकारचं. त्यात निरोगी गर्भाशयमुखाची तंतुमय भिंत काळी दिसते आणि गाठ त्यापेक्षा उजळ, करडी. काळं कडं अखंड असेल तर गाठ बाजूच्या ऊतींत शिरलेली नाही, हे बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. कडं तुटलं असेल तर स्टेज बदलते. एमआरआयचं सर्वांत भरवशाचं काम हेच: गाठ किती मोठी, कुठवर गेली, लसिकाग्रंथी संशयास्पद आहेत का. २०१८ पर्यंत आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार स्टेज मुख्यतः डॉक्टरांनी हातानं तपासून ठरत असे. त्या वर्षी ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं स्कॅनला स्टेज ठरवण्यात अधिकृत स्थान दिलं, आणि लसिकाग्रंथीत पसरलेल्या आजाराला ३सी असं वेगळं घर दिलं. चार सेंटिमीटरपेक्षा मोठी, मुखापुरती गाठ आता १बी३ म्हणवते. म्हणजे परळच्या चाचणीतल्यासारखी एखादी २बीची रुग्ण आज तपासली, आणि एमआरआयमध्ये ग्रंथी बाधित दिसल्या, तर ती ३सी ठरेल आणि आधी केमो मग शस्त्रक्रिया या वाटेचा विचारही होणार नाही. वरच्या तिघींतल्या ‘दुसरी’सारख्या बऱ्याच जणी साध्या, नीट वाचलेल्या एमआरआयनंच बाजूला निघतात. त्यासाठी कोणतंही संगणकी मॉडेल लागत नाही. हा मुद्दा चर्चेत मागे पडतो, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

दुसरं चित्र ‘डिफ्यूजन’चं. पाण्याचे रेणू ऊतींत किती मोकळेपणानं फिरतात ते यात मोजलं जातं. पेशी दाटीवाटीनं असतील तर पाण्याची हालचाल अडते, आणि तिचं माप असलेला एडीसी हा आकडा खाली येतो. निरोगी गर्भाशयमुखात तो साधारण १.५ च्या वर, गाठीत बहुधा ०.८ ते १.१ च्या आसपास (एकक: एक हजारांश चौरस मिलिमीटर दर सेकंदाला). केमोनं पेशी मरायला लागल्या की दाटी कमी होते आणि आकडा वर जातो. गाठीचा आकार घटायच्या आधी हे घडतं, आणि यातच या मापाची खरी ताकद आहे. २००८ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या गटानं २० बायकांचा एमआरआय उपचारापूर्वी आणि दोन आठवड्यांनी केला. दोन आठवड्यांनंतरच्या एडीसीचा पुढच्या प्रतिसादाशी संबंध दिसला. रुग्ण थोडे होते, आणि उपचार केमो-रेडिएशनचा होता, नुसत्या केमोचा नाही. पण आकडा चढण्यामागचं कारण जीवशास्त्रात बसणारं आहे.

उपचारापूर्वीच्या एका आकड्यावरून भाकीत करणं जास्त अवघड. एडीसी कमी म्हणजे दाट, वेगानं वाढणाऱ्या पेशी, आणि वेगानं वाढणाऱ्या पेशींवर केमो सहसा चांगली चालते. एडीसी जास्त म्हणजे कदाचित गाठीचा मधला भाग रक्ताअभावी मेलेला, जिथे औषध पोचतच नाही. पण जास्त एडीसी काही गाठींत निव्वळ द्रव किंवा श्लेष्म साठल्यामुळेही असतो. सगळ्या गाठीची सरासरी काढली की या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात.

तिसरं चित्र गॅडोलिनियमचं, म्हणजे रक्त चित्रात उठून दिसावं म्हणून दिलेल्या द्रव्याचं, इंजेक्शन देऊन काढतात. काही सेकंदांच्या अंतरानं एकामागोमाग चित्रं घेऊन गाठीत रक्त किती झपाट्यानं येतं ते पाहतात. रक्त कमी तिथे औषधही कमी आणि प्राणवायूही. प्राणवायू कमी असलेल्या पेशींवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ओस्लोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींत हे चित्र आणि प्राणवायूच्या तुटवड्यात जागी होणारी जनुकं यांचा संबंध दाखवला. केमो आणि रेडिएशन या दोन्हींना दाद न देणाऱ्या गाठी यातून हेरता येतील, अशी आशा आहे. मात्र गर्भाशयमुखाची गाठ मूत्रनलिका दाबते तेव्हा मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. अशा रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा रक्तातला आकडा, पाहिल्याशिवाय हे इंजेक्शन देता येत नाही, आणि आपल्याकडे उशिरा आलेल्या बायकांत हे वारंवार दिसतं.

०.९९

आता चौथी गोष्ट, जिच्यामुळे हा विषय इतका गाजतो आहे. डोळ्यांना न दिसणारे नमुने संगणकाला शोधायला लावायचे: गाठीच्या आत करड्या छटा कशा विखुरल्या आहेत, कडा किती खडबडीत, शेजारचे बिंदू एकमेकांसारखे किती. एका गाठीतून असे शेकडो, कधी हजारो आकडे निघतात. याला रेडिओमिक्स म्हणतात. केमो आणि मग शस्त्रक्रिया ही पद्धत चीनमध्ये बरीच वापरली जाते, त्यामुळे या प्रश्नावरचे मोठे अभ्यास मुख्यतः तिकडून आले. २०१९ सालच्या एका अभ्यासात आठ रुग्णालयांतल्या २७५ बायकांचे उपचारापूर्वीचे एमआरआय घेतले होते. गाठीबरोबर तिच्या भोवतालच्या पट्ट्यातले आकडेही मोजले. दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या ओळखण्याच्या कसोटीत, जिथे १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक, मॉडेलला ०.९९ च्या वर गुण मिळाले.

गाठीच्या भोवतालच्या ऊतींत माहिती दडलेली आहे, हा त्यातला निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. कॅन्सर शेजारच्या ऊतींशी कसा वागतो याचा तो माग आहे. पण जिथे जीवशास्त्र इतकं गुंतागुंतीचं आहे तिथे इतके गुण दिसले, की पहिली मागणी एकच करावी: हेच मॉडेल, एकही आकडा न बदलता, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या यंत्रांवर चालवून दाखवा. कारण सीटी स्कॅनमधल्या करड्या छटेला ठरलेलं एकक असतं, टी-टू एमआरआयमधल्या छटेला नसतं. तीच गाठ दीड टेस्लाच्या (टेस्ला हे यंत्राच्या चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रावर आणि तीन टेस्लाच्या यंत्रावर वेगळे आकडे देते. कापाची जाडी बदलली की आकडे बदलतात. गाठीची कड कुणी आखली यावरही ते हलतात. रुग्ण शेकड्यांत आणि मोजमापं हजारांत असली, की योगायोगानं जुळणाऱ्या गोष्टीही मॉडेल मनापासून शिकतं. मोजमापं सगळीकडे एकाच पद्धतीनं व्हावीत म्हणून २०२० साली एका आंतरराष्ट्रीय गटानं १६९ मोजमापांच्या व्याख्या पक्क्या केल्या. तेवढ्यानं यंत्रांमधला फरक मिटत नाही.

चूक कुणाला भोवते

समजा एक मॉडेल खरोखर चांगलं आहे. ते ८० टक्के दाद देणाऱ्या आणि ८० टक्के न देणाऱ्या बरोबर ओळखतं. आणि समजा शंभर बायकांपैकी ७५ जणींची गाठ केमोला दाद देणार आहे. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत.

७५ पैकी ६० जणींना मॉडेल ‘चालेल’ म्हणेल, १५ जणींना चुकून ‘नाही’. उरलेल्या २५ पैकी २० जणींना बरोबर ‘नाही’ आणि ५ जणींना चुकून ‘चालेल’. म्हणजे ‘नाही’ असं ऐकलेल्या ३५ जणींपैकी १५ जणींना ते चुकीचं सांगितलं गेलं. हे वाईट दिसतं. पण परळच्या निकालाशेजारी ठेवलं की अर्थ बदलतो: या १५ जणी रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनकडे जातील, म्हणजे प्रस्थापित उपचाराकडे. आयुष्याच्या दृष्टीनं त्यांचं नुकसान नाही. रेडिएशनचे उशिरा दिसणारे त्रास टाळण्याची एक संधी गेली. खरी किंमत त्या पाच जणींनी मोजली. त्यांचे नऊ आठवडे गेले, मधल्या काळात उरलेल्या पेशी वाढत राहिल्या, आणि केमोला न जुमानणाऱ्या पेशी रेडिएशनलाही कमी जुमानतील ही भीती वर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचा संपूर्ण कोर्स आठ आठवड्यांच्या आत संपवण्यासाठी डॉक्टर झटतात, ते उगीच नाही.

तेव्हा या कामासाठी मॉडेलनं ‘चालेल’ हा शब्द फार जपून वापरायला हवा. ७५ पैकी तीसच जणींना हो म्हटलं तरी हरकत नाही, पण त्यांत चुकीची एकच असावी, शक्यतो एकही नसावी. ०.९९ किंवा ०.८५ अशा एका आकड्यात ही निवड दिसतच नाही.

याच्याही खाली एक प्रश्न आहे, आणि तो बहुतेक निबंध ओलांडून जातात. एमआरआयनं ज्यांना ‘चालेल’ म्हटलं त्या बायकांची गाठ मुळातच सौम्य स्वभावाची असेल, तर रेडिएशननंही त्या तितक्याच बऱ्या झाल्या असत्या. तसं असेल तर एमआरआयनं आजाराचा स्वभाव सांगितला. उपचार कोणता निवडावा हे सांगितलं नाही. या दोहोंतला फरक ओळखायचा एकच मार्ग आहे. दोन्ही उपचार यादृच्छिक पद्धतीनं वाटलेले असावेत आणि दोन्ही गटांत सुरुवातीचे एकसारखे एमआरआय असावेत. केमो मिळालेल्याच बायकांवर केलेला अभ्यास, मग तो कितीही मोठा असो, इथे कमी पडतो.

उपचार चालू असताना

या सगळ्यात एमआरआयनं ज्या जागी आपलं मोल निर्विवाद सिद्ध केलं, ती जागा उपचाराच्या मध्यावर आहे. बाहेरून दिलेलं रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन पाच आठवड्यांत संपत आलं, की ब्रॅकीथेरपी असते: किरणोत्सर्गी स्रोत गर्भाशयमुखाशी नेऊन आतून दिलेलं रेडिएशन. त्या वेळी एमआरआय केला तर किती गाठ उरली आणि नेमकी कुठे, हे दिसतं. त्या उरलेल्या भागाला मात्रा वाढवायची, मूत्राशय आणि गुदाशयाकडची कमी करायची. युरोपीय तज्ज्ञांच्या गटानं याची पद्धत २००५ च्या सुमारास घालून दिली. तिच्यावर बेतलेल्या ‘एम्ब्रेस’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात टाटा मेमोरियलही होतं. २०२१ मध्ये निकाल आले: १,३४१ रुग्णांत पाच वर्षांनी गाठीच्या जागी आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण ९२ टक्के.

इथे एमआरआयनं भविष्य वर्तवलेलं नाही. चार-पाच आठवड्यांच्या उपचाराला गाठीनं काय उत्तर दिलं ते दाखवलं, आणि पुढची मात्रा त्यानुसार ठरली. चूक झालीच तर ती पुढच्या स्कॅनमध्ये दिसते आणि दुरुस्त करता येते. उपचारापूर्वीच्या भाकिताला ही सोय नाही. मर्यादित पैशात एखाद्या रुग्णालयाला एकच जादा एमआरआय परवडत असेल, तर तो ब्रॅकीथेरपीपूर्वी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटरलेसनंतर

आधी केमो देण्याचा विषय परळच्या निकालानं बंद झाला, असं वाटत असतानाच ‘इंटरलेस’ चाचणीनं तो वेगळ्या रूपात उघडला. पाच देशांतली ३२ रुग्णालयं, त्यांत भारतही. ५०० बायका, बहुतेक ब्रिटनमधल्या. नोव्हेंबर २०१२ ते नोव्हेंबर २०२२. औषधं तीच, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. पण दर आठवड्याला लहान मात्रेत, सहाच आठवडे, आणि सातव्या आठवड्यात लगेच केमो-रेडिएशन. शस्त्रक्रिया नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालांत पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८० टक्के, फक्त केमो-रेडिएशन घेतलेल्यांत ७२ टक्के. गंभीर त्रासही वाढले: ५९ टक्के विरुद्ध ४८ टक्के.

परळला न चाललेली औषधं इथे कशी चालली? मला तीन फरक महत्त्वाचे वाटतात: केमोच्या फेऱ्यांमध्ये गाठीला सावरायला वेळ दिला नाही, केमो आणि रेडिएशन यांच्यात खंड पडू दिला नाही, आणि रेडिएशन कुणाचंही वगळलं नाही. पण हयातीतला हा फायदा सगळ्यांत सारखा वाटला गेला असेल असं नाही. काही जणींना त्या सहा आठवड्यांनी जगवलं. काहींना फक्त थकवा, रक्तपेशी खाली जाणं आणि केस गळणं मिळालं. आपल्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण मोठं, त्यात या आजारात महिनोन्‌महिने रक्तस्राव झालेला. हिमोग्लोबिन आठवर घेऊन आलेल्या बाईला सहा जादा केमो द्यायच्या की आधी रक्त देऊन थेट रेडिएशन सुरू करायचं, हा निर्णय सोलापूर-धाराशिवकडच्या रुग्णांसाठी रोजचा आहे.

एमआरआयनं उत्तर द्यावं असा आजचा प्रश्न म्हणून मी हा मानते. उत्तराची पद्धतही परळच्या प्रकरणातून निघते. सुरुवातीला एक एमआरआय, दुसऱ्या केमोनंतर, म्हणजे दोन आठवड्यांनी, दुसरा. एडीसी चढला नसेल तर उरलेल्या केमो सोडून थेट रेडिएशन, चढला असेल तर सहा पूर्ण. आणि हा नियम पाळलेला एक गट व न पाळलेला एक गट यांत यादृच्छिक तुलना. मोजायच्या गोष्टींत गाठीचा व्यास सर्वांत शेवटी यावा. आधी आजार परतला का, बाई हयात आहे का, आणि दोन वर्षांनी योनीचा, मूत्राशयाचा, आतड्यांचा त्रास किती.

दरम्यान जिल्ह्याच्या ठिकाणी उद्यापासून करण्याजोगं एक काम आहे. आपल्याकडे रुग्ण एमआरआयच्या फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरते. सोबतची सीडी हरवते, आणि स्कॅन सेंटर काही महिन्यांनी मूळ फाइल पुसून टाकतं. फिल्मवरून एडीसी मोजता येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाचा मूळ डिजिटल एमआरआय, डिफ्यूजनच्या चित्रांसकट, तिच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सर्व्हरवर चढवून ठेवावा. सोबत यंत्र कोणतं, टेस्ला किती, कापाची जाडी किती आणि डिफ्यूजनची बी-मूल्यं (चित्र पाण्याच्या हालचालीला किती संवेदनशील ठेवलं होतं ते सांगणारे आकडे) कोणती, या चार नोंदी असाव्यात.